पाडसाच्या गळ्यावरचा हात

मामा,

तुमचा डावा हात मी होळीनंतरच्या सोमवारी पुन्हा पाहिला. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती, पाडसाला तिसऱ्यांदा दूध पाजायची वेळ. इतकी नेमकी वेळ सांगतोय कारण ती वहीत लिहिलेली आहे, आणि वही कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे. पाडसाच्या जबड्याखालचे केस गेले होते. उजव्या गालावर एक लांब पट्टा, नंतर बोटभर जागेत केस जसेच्या तसे, नंतर शेजारीशेजारी दोन पट्टे, त्यातला शेवटचा आखूड. डाव्या गालावर अंगठ्याएवढा एक. आणि गळ्याच्या मधोमध, खालून, रुपयाएवढा गोल डाग. आतली कातडी गुलाबी, कोरडी, कडा कापल्यासारख्या साफ. मी बाटली खाली ठेवली आणि पट्ट्यांच्या मधल्या त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिलो. तुमचं मधलं बोट तिथे नव्हतं. कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं, दुसऱ्या पेरापासून, मी तुम्हाला ओळखायच्या कितीतरी आधी. उरलेलं थोटूक तुम्ही पाडसाच्या गळ्याला खालून टेकवायचात, बरोबर त्या गोल डागाच्या जागी. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, मामा.

तुम्हाला मी मामा म्हणायचो, सगळेच म्हणायचे. वयानं मोठ्या मजुराला वनखात्यात दुसरं काय म्हणतात. मी नाशिकला रोपवाटिकेत रोजंदारीवर लागलो तेव्हा माझं काम पिशव्यांतल्या रोपांना पाणी घालायचं, आणि तुमचं काम मागच्या जाळीतल्या पाडसांचं. मनमाडच्या बाजूनं पोरकी पाडसं यायची, कुणी पोत्यात घालून आणायचं, कुणी मोटारसायकलवर मांडीत धरून. लोक म्हणायचे हरणाचं पिल्लू, मी दरवेळी काळवीट म्हणून दुरुस्त करायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "त्याला आधी दूध पायजे मास्तर, नाव मागून सांग." दहावी नापास माणसाला मास्तर म्हणणं ही तुमची थट्टा. तुम्हाला पाजताना पहिल्यांदा पाहिलं ते मला अजून दिसतं. तुम्ही बुटक्या लाकडी स्टुलावर बसला आहात. पाडसाची पाठ तुमच्या पोटाशी, तोंड पुढे. डावा हात खालून जबड्याला, उजव्यात बाटली. रबराचं बोंड तोंडात गेलं तरी ते चोखत नाही, नुसतं धरून उभं राहतं. मग तुमचं थोटूक गळ्याखाली सावकाश फिरायला लागतं, एकदा, दोनदा, आणि घुटका उतरल्याचा आवाज मला सहा फुटांवर ऐकू येतो. तुम्ही वर न बघता म्हणता, "आख्ख्या बोटानं नाय जमत. बोचतं त्याला." मी काही विचारलेलं नसतं. मी पाण्याची झारी हातात धरून उभा आहे आणि बघतो आहे, एवढंच.

वही तुम्ही दिलीत. मी रद्दीवाल्याकडून जनावरांच्या आजारांवरची इंग्रजी पुस्तकं आणायचो, पानं गहाळ असलेली, आणि शब्दकोश मांडीवर ठेवून एकेक ओळ लावायचो. कुणी शिकवणारं नव्हतं. हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा बोललो आहे. एकदा गावाहून येताना तुम्ही मनमाडच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणलीत आणि माझ्या डब्याशेजारी ठेवून दिलीत. "तू लिव्ह. कोण किती प्यालं, कुणाला हगवण लागली. माझ्या ध्यानात ऱ्हातंय, पण मी काय कायमचा हाय का इथं." तुम्हाला लिहिता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर तुम्ही अंगठा द्यायचात आणि शाई धोतराला पुसायचात. तुमच्या धोतराच्या डाव्या बाजूला कायम जांभळे डाग असायचे.

पुस्तकात होतं की आजार हातावरून जातो. ते तेव्हाही खरं होतं, आजही आहे. पण त्याचं पुढचं पान फाटलेलं होतं आणि ते मी माझ्या मनानं भरलं. जाळीच्या दाराशी बादली ठेवली, तिच्यात फरशी पुसायचं औषध, पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होणारं. डब्यावर जेवढं लिहिलं होतं त्याच्या दुप्पट टाकायचो, उगाच कसर नको म्हणून. आणि पत्र्याच्या तुकड्यावर काळ्या रंगानं पाटी रंगवली, दोन संध्याकाळी खर्च करून: 'पिलास हात लावण्यापूर्वी हात या पाण्यात बुडवावा. बुडवलेला हात पुसू नये.' दुसरं वाक्य कुठल्याच पुस्तकातलं नाही. फडक्यावर जंतू असतात, हात पुसला की ते परत हातावर, हा विचार मला बिनतोड वाटला होता. तुम्ही हात बुडवायचात आणि सवयीनं धोतराला पुसायचात. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना खात्याचे साहेब आलेले होते, दोन मजूर उभे होते, आणि मी म्हणालो, "मामा, वाचता येत नसेल तर निदान ऐकायचं तरी." तुम्ही हात तसाच ओला धरून उभे राहिलात. कोपरापर्यंत ओघळ आले होते. "बरं मास्तर," तुम्ही म्हणालात, आणि त्या मास्तरमध्ये थट्टा नव्हती. त्या दिवसानंतर तुम्ही हात पुसलेला मी पाहिला नाही.

तीन आठवड्यांत त्या वर्षीच्या तिन्ही पाडसांच्या गळ्यावर तुमचा हात उमटला. सगळ्यांनी ओळखला, ओळखण्यात अवघड काहीच नव्हतं. जाळी झाडणाऱ्या मावशी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मामा, तुमी काय गळा दाबून पाजिता का काय?" मजूर हसले, तुम्हीही हसलात. मग सगळ्यात लहान पाडसाची कातडी थोटकाच्या जागी फुटली, पाणी सुटलं, घुटका घेताना ते मान झटकायला लागलं. त्यानं दूध सोडलं आणि पाचव्या दिवशी ते गेलं. मग कुणी हसलं नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुमचे तळवे सोलवटले होते, बेचक्यांत पांढरी सालं निघत होती. मी वहीत, तुम्ही दिलेल्या वहीत, लिहिलं: 'मामांच्या हातास गजकर्ण. तेच पिलांना लागले.' ते पान साहेबांना उघडून दाखवलं. साहेबांनी तुम्हाला पाडसांपासून काढलं आणि फाटकावर बसवलं. कागदावर अंगठा देताना तुम्ही मला विचारलंत, "हात तर तोच हाय ना, मास्तर? इतकी वर्सं? मग आत्ताच काय झालं त्याला?" मी म्हणालो, रोग काय, कधीही होतो. तुम्ही शाईचा अंगठा धोतराकडे नेलात आणि अर्ध्यातच थांबवलात. पुसला नाहीत. तसाच घेऊन फाटकाकडे गेलात.

उरलेली दोन पाडसं बरी झाली. मी तेच पुरावा म्हणून धरलं. खरं कारण वेगळं होतं. तुम्ही फाटकावर गेल्यावर मी पाजायला हात लावलाच नाही. बांबू आणि तार घेऊन एक चौकट बनवली, तिच्यात बाटल्या तिरक्या अडकतात, पाडसं येऊन आपापली चोखतात, माणसाचा हात लागतच नाही. ती चौकट बघायला कळवणपासून लोक आले. पुढे कायम झालो, नव्या भरतीच्या पोरांना मीच शिकवायला लागलो. पाडसाचे गेलेले केस कसे वाचायचे हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला येत नाही, हे मी आजही म्हणेन. तोंडाभोवतीचे गेले तर दूध वाळू दिलंय. शेपटीखालचे गेले तर हगवण, आणि पुसणाऱ्यानं खरखरीत फडकं वापरलंय. कानाची टोकं उघडी पडली तर जोडीदार दुधाच्या आठवणीनं कान चोखतोय, दोघांना वेगळं करा. केस मुळाशी तुटलेले आणि वर खपली, तर गजकर्ण, आणि ते तुम्हालाही लागेल. पोरं लिहून घेतात. शेवटी कुणीतरी विचारतंच, सर, तुम्ही हे कुठं शिकलात. मी म्हणतो, मला कुणी शिकवलं नाही.

फाटकावर तुम्ही चार वर्षं बसलात. दुपारी सगळं आवार गप्प झालं की पाडसं चौकट सोडून फाटकाकडच्या जाळीला जाऊन उभी राहायची, सगळी एकाच बाजूला तोंड करून. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसायचात. हात लावायचा नाही म्हटल्यावर तुम्ही बघतही नव्हता. चौथ्या उन्हाळ्यात तुम्ही रजेवर गावी गेलात आणि तिकडेच गेलात. मावशी दहाव्याला जाऊन आल्या. माझ्याकडे त्या आठवड्यात दोन नवी पाडसं होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. वहीत पाहिलं तर त्या आठवड्यात एकही नोंद नाही.

आता या वर्षीचं सांगतो. विंचूरच्या बाजूला कांदा काढणाऱ्या बायकांना वाफ्यात पाडस सापडलं. काळविटाची आई पिल्लू लपवून लांब चरायला जाते, परत येते, पण त्यांना कसं कळणार. त्यांनी पोरकं समजून उचललं, आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवायला गेल्या तर आई फिरकली नाही. मादी, चार किलोला थोडी कमी. चौकटीला तिनं दोन दिवस तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तिची मान पडायला लागली तेव्हा मी बादलीत हात बुडवला, दाराला अटकण म्हणून लावलेलं तुमचं स्टूल ओढलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका पाडसाला पोटाशी धरून बसलो. तिनं लगेच घेतलं. पिताना ती माझ्याकडे बघत नव्हती, कुणीच बघत नाही, पण तिचे दोन्ही कान मागे वळलेले, माझ्या डाव्या खांद्यावरून फाटकाच्या दिशेनं. मी वळून पाहिलं. फाटकावर कुणी नसतं आता, कुलूप असतं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. थांबून थांबून घुटका घ्यायची, जणू कुणी सांगेल तेव्हा.

मग केस जायला लागले. आधी गोल डाग. दोन दिवसांनी अंगठा. मग एकेक बोट, फोटो धुताना चेहरा वर येतो तसं. त्या सोमवारी सगळा हात पुरा झाला. मावशी आता थकल्या आहेत, खराटा टेकवत येतात. त्या जाळीशी आल्या, वाकून बघितलं आणि खराटा खाली ठेवला.

"कवा आले व्हते मामा?" त्यांनी मला विचारलं, पाहुण्याबद्दल विचारावं तसं.

"काय बोलता मावशी."

"मी कशाला बोलू. ते बोलतंय की." त्यांनी पाडसाकडे हनुवटी केली. "वहीत लिव्हा. तुमी लिव्हलं म्हंजे खरं."

मी अंधश्रद्धेचा माणूस नाही, मामा. मी पहिल्यांदा माझा हात बघितला, दोन्ही बाजूंनी. पाच बोटं. डागात मधलं बोट नाही, म्हणजे हात माझा नाही; वहीत मी हेच वाक्य लिहिलं. मग चाळून घेतलेली माती दाराच्या आत पसरली, कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. सकाळी मातीवर फक्त माझ्या चपला होत्या, आदल्या संध्याकाळच्या, जाताना उमटलेल्या. डाग मात्र आणखी गुलाबी झाला होता. त्या दुपारी पाडसाला धरलं आणि मला माझ्या डाव्या हातावर दुसऱ्या हाताचं वजन जाणवलं. हे मी वहीत लिहिलं नाही. घुटका घेताना तिनं मान झटकली, अगदी त्या लहान पाडसासारखी. त्यानंतर पाच दिवस, हे मला पाठ होतं.

मी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. तरुण आहेत, मला काका म्हणतात, चुकलो तर तोंडावर सांगतात. त्यांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, केस उपटून टोकं पाहिली. दुसऱ्या दिवशी परत आल्या. "काका, गजकर्ण नाही. खरूज नाही, उवा नाहीत. पण ही कातडी दोन दिवसांत फुटेल, आणि फुटली तर ही दूध सोडेल. तुम्ही पाजता कसं, ते मला करून दाखवा."

मी बादलीत हात बुडवला. स्टुलावर बसलो. पाडसाला पाठीकडून पोटाशी घेतलं, डावा हात खालून जबड्याला नेला, उजव्या हातानं बाटली दिली. तिचे कान मागे वळले.

"काका, आता हलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या गुडघ्यावर बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. "तुमचं मधलं बोट असं का दुमडलंय?"

मी खाली बघितलं. माझी चार बोटं त्या चार पट्ट्यांवर होती, तंतोतंत, केसभरही इकडेतिकडे नाही. मधलं बोट तळव्यात दुमडलेलं, आणि त्याचं पेर गळ्याखाली त्या गोल डागावर टेकून सावकाश फिरत होतं. मी फिरवत नव्हतो. म्हणजे मला ठाऊक नव्हतं की मी फिरवतोय. मी ते थांबवायला गेलो तर थांबेना, आणि पाडस शांतपणे पीत होतं. या पाडसाआधी मी कुठल्याच पिल्लाला हातानं पाजलं नव्हतं, मामा, आणि माझा हात ते झारी धरून उभं असताना शिकला होता.

"आणि हात ओला का आहे?" त्यांनी बादलीत बोट बुडवून हुंगलं. "हे फरशीचं औषध आहे. इतकं घट्ट? काका, हे भाजलंय. रोज चार वेळा, याच जागी, औषधानं भाजलंय. तुमचा तळवा बघू."

माझा तळवा सोलवटला होता. बेचक्यांत पांढरी सालं. मला वाटलं होतं वय झालं, साबण बदलला, काहीतरी. तुमचे तळवे साहेबांना मी असेच उलटे करून दाखवले होते, तुमचं मनगट धरून.

त्या दिवशी बादली ओतून दिली. आता साबण, साधं पाणी आणि धुतलेलं कोरडं फडकं. डागांवर डॉक्टरबाईंनी दिलेलं मलम. कातडी फुटली नाही. ती जगली, आता दोन महिन्यांची आहे, पाला खाते. केस परत येताहेत, पण त्या जागी पांढरे येताहेत. कातडी भाजली की कधीकधी रंग परत येत नाही असं डॉक्टरबाई म्हणतात. तपकिरी गळ्यावर पांढरी चार बोटं आणि एक टिकली. रानात सोडली तरी लांबून ओळखू येईल. दुपारी ती फाटकाकडच्या जाळीला उभी असते, एकटी, आणि मी मुद्दाम त्या बाजूला जात नाही. पाजताना मी बोट सरळ ठेवून पाहिलं. ती पीत नाही.

हे सगळं वहीच्या शेवटच्या पानांवर लिहितोय, उरली होती तेवढी. 'मामांच्या हातास गजकर्ण' हे पान तिच्यातच आहे, सुरुवातीला. ते मी फाडलेलं नाही, खोडलेलंही नाही. हे पत्र कुठं धाडायचं नाही, आणि धाडलं असतं तरी तुम्हाला ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं. तेवढ्यासाठी तरी मी ते कुणाच्या हातात दिलं नसतं. कारण एक गोष्ट राहिली आहे. त्या दिवशी निघताना डॉक्टरबाई दाराशी थांबल्या आणि पाटी वाचली, दोन्ही वाक्यं, मोठ्यानं. "पुसू नये? हे कुणाचं डोकं?" त्यांनी विचारलं. मावशी खराटा घेऊन तिथेच उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मी म्हणालो, आमचे एक जुने मामा होते, त्यांनी लिहून ठेवलंय. मावशी झाडायला लागल्या. डॉक्टरबाईंनी पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाकी काही म्हणा, अक्षर सुंदर होतं हो त्यांचं." आणि मामा, ते ऐकून मला बरं वाटलं.